शुगरची वही

टाइप वन मधुमेह झालेलं मूल ज्या घरात आहे, त्या घरात बहुधा एक वही सापडते. शाळेतलीच साधी वही, पट्टीने रकाने आखलेली. सकाळी उपाशीपोटीचा आकडा, दुपारच्या जेवणाआधीचा, रात्रीच्या जेवणाआधीचा, झोपतानाचा, आणि अधूनमधून पहाटे तीनचा. शेजारी इन्सुलिनची युनिटं. शेवटच्या रकान्यात कधी आईच्या, कधी मुलाच्या अक्षरात शेरे: पीटीचा तास होता, ताप, लग्नात जेवला, फराळ. दीर्घ आजाराचे काही फायदेही असतात असं आजारी माणसंच सांगू लागली, की ऐकणारे दोन प्रकारे वागतात. काहींना गहिवरून येतं. उरलेल्यांना वाटतं, बिचारे स्वतःची समजूत घालताहेत. दोघांचंही लक्ष त्या माणसाच्या मनाकडे असतं, वहीकडे कोणी बघत नाही. या लेखातलं म्हणणं असं की त्या फायद्यांपैकी जे खरे आहेत, ते मनाच्या मोठेपणातून आलेले नाहीत आणि आजाराने तर मुळीच दिलेले नाहीत. आजाराभोवती जी व्यवस्था उभी राहते, म्हणजे मोजणं, शिकणं, ठरल्या तारखेला दाखवायला जाणं, घरातल्या सगळ्यांनी मिळून ताटात काय वाढायचं ते ठरवणं, ती व्यवस्था हे फायदे देते. ती जिथे नसते, तिथे त्याच आजारातून निव्वळ नुकसान होतं.

हे तपासायला छत्रपती संभाजीनगर ही चांगली जागा आहे. या शहरात डॉ. अर्चना सारडा यांनी टाइप वन मधुमेहाच्या मुलांसाठी ‘उडान’ ही संस्था उभी केली. त्यांच्या दवाखान्याच्या नावातच ‘डायबिटीस अँड सेल्फ केअर’ असे शब्द आहेत, आणि त्यातला दुसरा भाग पाटीवर शोभेसाठी लिहिलेला नाही. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली, ज्यांच्या आईबापांना महिन्याचं इन्सुलिन परवडणं शक्य नाही अशी मुलं या कामाच्या केंद्रस्थानी आहेत. टाइप वन हा आजार साखर जास्त खाल्ल्याने होत नाही, आणि आईच्या हयगयीनेही होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते, आणि एरवी धडधाकट असलेलं सहा-आठ वर्षांचं पोर पाणी पीत, लघवीला जात, महिन्याभरात वाळून जातं. वेळेत ओळखलं गेलं नाही तर ते पोर थेट बेशुद्धावस्थेतच घाटी या इथल्या सरकारी रुग्णालयात पोचतं. ओळखलं गेलं तर त्या दिवसापासून रोज सुई, आयुष्यभर. गोळीवर भागत नाही, सुट्टी नाही, आणि डॉक्टर महिन्यातून एकदाच भेटतो. उरलेले एकोणतीस दिवस डोस ठरवायचा कोणी? घरातल्यांनी आणि थोडं मोठं झालं की त्या मुलानेच. म्हणून या आजारात शिकवणं हे औषधाइतकंच औषध आहे.

काय काय शिकावं लागतं ते जरा जवळून पाहू. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातून किंवा औषधाच्या दुकानातून मिळणारी इन्सुलिनची नेहमीची बाटली दहा मिलीची असते, आणि ‘यू-४०’ प्रकारात दर मिलीत ४० युनिटं, म्हणजे बाटलीत ४००. दिवसाला ३० युनिटं लागणाऱ्या मुलाला ती तेरा दिवस पुरते. चौदाव्या दिवशी सकाळी बाटली रिकामी सापडणं म्हणजे तालुक्याच्या गावाची बस गाठणं, आणि बस चुकली तर अनर्थ. त्यात पेनची काडतुसं ‘यू-१००’ असतात. ते इन्सुलिन चुकून यू-४० च्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं तर त्याच खुणेवर अडीच पट डोस जातो. सुई रोज एकाच जागी टोचली तर तिथे गाठ येते आणि औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून पोट, मांडी, दंड अशी पाळी लावावी लागते. शुगर ७० च्या खाली घसरली, अंगाला घाम सुटला, हात थरथरू लागले, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, आणि घाबरून अख्खी बरणी तोंडात ओतायची नाही. मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या मराठवाड्यात, घरात फ्रिज नसताना, बाटली प्लास्टिकच्या डबीत बंद करून मातीच्या ओल्या मडक्यात ठेवायची. मडक्यातून पाणी पाझरतं, वाळतं आणि आतला गारवा टिकतो. हवा कोरडी असेल तितका तो जास्त टिकतो, त्यामुळे आपला उन्हाळा या एका बाबतीत उपयोगी पडतो. अशा मडक्यांवर रीतसर अभ्यास झालेले आहेत, आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा ठळकपणे कमी राहतं असंच त्यांत दिसलं आहे.

हे सगळं सातवी शिकलेली बाई शिकते. त्यामुळे पहिला फायदा कोणता, तर आकड्यांवरचा ताबा. आपल्याकडे रुग्ण म्हणजे डॉक्टर सांगेल ते ऐकणारा आणि कागद न उघडता घडी करून पिशवीत ठेवणारा माणूस. टाइप वनचं घर हा करार मोडतं, कारण त्याला तो मोडावाच लागतो. आणि यातून मिळतं ते नुसतं समाधान नसतं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या डॉक्टरांनी रुग्णांना पाच दिवसांचं शिक्षण देऊन, जेवणातले पिष्टमय पदार्थ मोजून स्वतःचा डोस स्वतः ठरवायला शिकवलं. ब्रिटनमध्ये तीच पद्धत १६९ प्रौढ रुग्णांवर पारखली गेली आणि २००२ साली निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनी शिकलेल्यांची तीन महिन्यांची शुगर सरासरी एका टक्क्याने उतरली होती, आणि त्याच वेळी त्यांना खाण्यापिण्याचं स्वातंत्र्य जास्त वाटत होतं. शिस्त वाढली की मोकळीक कमी होते हा आपला समज इथे टिकत नाही. जुनी तऱ्हा म्हणजे ‘गोड बंद’: दिवाळीत घरभर करंज्या आणि पोरासमोर पोह्यांची वाटी. नव्या तऱ्हेत एका करंजीला किती युनिटं लागतील हे त्या पोरालाच ठाऊक असतं. ते एक खातं, दोन खात नाही, आणि वहीत लिहून टाकतं.

मधुमेहाच्या इतिहासात रुग्णाच्या हाती आलेल्या आकड्याने वैद्यकालाच वळण दिलं आहे. रिचर्ड बर्नस्टीन हा अमेरिकी अभियंता बाराव्या वर्षापासून टाइप वनचा रुग्ण. १९६९ साली रक्तातली साखर मोजणारं यंत्र फक्त डॉक्टरांना विकत मिळे. बायको डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर त्याने ते मागवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःची शुगर तपासू लागला. काढलेले निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारले, कारण लिहिणारा डॉक्टर नव्हता. तेव्हा पंचेचाळिशीच्या घरात त्याने वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, पुढे मधुमेहाचाच डॉक्टर झाला आणि २०२५ मध्ये नव्वदीत वारला. त्याच्याही आधी लंडनमध्ये रॉबर्ट लॉरेन्स हा तरुण डॉक्टर मधुमेहाने मरणाच्या दारात असताना १९२३ साली इन्सुलिनवर वाचला. त्याने उरलेली हयात याच आजाराला दिली आणि १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत रुग्णांची संघटना काढली. वेल्स स्वतः मधुमेही होते. घरी साखर मोजायची सोय झाल्यावरच अमेरिका-कॅनडातला १४४१ रुग्णांचा तो मोठा प्रयोग शक्य झाला, ज्याचे निष्कर्ष १९९३ साली आले. काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्यांमध्ये, डोळे आधी निरोगी असलेल्या गटात, डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्भवण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झालं. पुढे तेच रुग्ण दशकानुदशकं तपासले गेले, तेव्हा २०१६ मध्ये दिसलं की सुरुवातीला काटेकोर उपचार मिळालेल्या गटाचं मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण अमेरिकी लोकसंख्येइतकंच आहे. १९२१ पर्यंत ज्या आजाराचा अर्थ वर्ष-दोन वर्षांत मरण असा होता, त्याची ही गोष्ट आहे.

दुसरा फायदा नियमितपणाचा, आणि इथला पुरावा सगळ्यात विचित्र आहे. हृदयविकाराच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या औषधचाचणीचे आकडे १९८० साली नव्याने मांडले गेले. ज्यांना औषध म्हणून निव्वळ निष्क्रिय गोळी दिली होती, त्यांच्यातही ती गोळी नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १५.१ टक्के दगावले आणि टाळाटाळ करणाऱ्यांपैकी २८.२ टक्के. गोळीत काहीच नव्हतं. फरक गोळी घेणाऱ्याच्या बाकीच्या आयुष्यात असावा: वेळेवर जेवण, वेळेवर तपासणी, बहुधा घरात कोणीतरी आठवण करून देणारं. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागात एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्यांचा अभ्यास झाला, त्यात अशा लोकांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि उपचार इतरांपेक्षा बरे चाललेले दिसले. कारण उघड आहे. दर महिन्याला औषधाला यावं लागतं, आणि आलेल्या माणसाच्या दंडाला कोणीतरी रक्तदाबाचा पट्टा बांधतंच. आपल्या देशात एचआयव्हीची औषधं सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हीच तऱ्हा सरकारी केंद्रांतून इथेही चालू आहे. याउलट शहराशेजारच्या वाळूजच्या कारखान्यात तीन पाळ्यांत राबणारा पस्तिशीचा धडधाकट कामगार दहा-दहा वर्षं कुठल्या डॉक्टरसमोर बसत नाही. त्याचा रक्तदाब त्याला कळतो तो पहिल्या झटक्याच्या दिवशी.

मात्र याच जातीच्या पुराव्याने सावध राहायलाही शिकवलं आहे. २०१४ साली ब्रिटनमधल्या नोंदींवरून निघालं की मेटफॉर्मिन या गोळीवर असलेले मधुमेही, त्याच वयाच्या मधुमेह नसलेल्यांपेक्षाही जास्त जगतात. बातमी जगभर गाजली. मधुमेह नसलेले लोकही ती गोळी घेण्याच्या गोष्टी करू लागले. नंतरच्या ब्रिटिश अभ्यासात ही सरशी पहिल्या तीनेक वर्षांपुरती निघाली, पुढे आजाराने आपली वसुली केलीच. म्हणून ‘मधुमेह झाला तर आयुष्य वाढतं’ असं कोणी म्हणू लागलं तर त्याला थांबवलं पाहिजे. वाढतं ते लक्ष. लक्ष टिकलं नाही, तर उरतो फक्त आजार.

तिसरा फायदा आजारी माणसाला कमी आणि त्याच्या घरच्यांना जास्त होतो, पण त्याची चर्चा फार होत नाही. अमेरिकेत वजन कमी करण्याच्या एका दीर्घ कार्यक्रमात मधुमेही रुग्ण सामील होते. त्यांच्या नवरा-बायकोंना कोणी काही शिकवलं नव्हतं, तरी वर्षभरात त्यांचंही वजन सरासरी दोनेक किलोने घटलेलं आढळलं. डेन्मार्कमधल्या सरकारी नोंदींतून असं दिसलं की घरातल्या एकाला हृदयविकाराचा झटका आला, की जोडीदार आणि मोठी मुलंही कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आणि तपासण्या सुरू करतात. आपल्याकडे स्वयंपाकघर एकच आणि चूलही एकच. पोरासाठी दोन वेळच्या चहातली साखर कमी झाली, की बापाच्या चहातलीही होते. मैद्याच्या बिस्किटांऐवजी भाजलेले फुटाणे येतात, आणि ज्वारी-बाजरीची भाकरी गरिबाचं खाणं म्हणून मागे पडलेली असते ती पुन्हा तव्यावर येते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून दाखवून दिलंय की आपली बाळं वजनाला हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, आणि पुढच्या मधुमेहाची पायाभरणी तिथेच होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. त्या उंबरठ्यावरच्या बापाला सावध करणारं घरात कोणी असेल, तर ते बहुधा सुई टोचून घेणारं त्याचं पोरच. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळच्या जेवणाची मोहीम चालवली, तिच्या शास्त्रीय बाजूवर वाद आहेत आणि असायला हवेत (इन्सुलिनवर असलेल्या मुलाने तर डॉक्टरला विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये). पण ती इतकी का पसरली? लोकांना उपदेश नको होता, पाळता येईल असा नेम हवा होता.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, फायदे सांगायला जे उरतात तेच फायदे सांगतात. टोरोंटोमध्ये जानेवारी १९२२ मध्ये पहिलं इन्सुलिन टोचलं गेलेला लेनर्ड थॉम्पसन हा मुलगा १९३५ साली २६ व्या वर्षी वारला. १९२२ मध्येच उपचार सुरू झालेली एलिझाबेथ ह्यूज ७३ वर्षं जगली, ४२,००० हून अधिक सुया टोचून घेऊन. औषध तेच होतं, शहरही तेच. पण एलिझाबेथचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते आणि दिमतीला नर्स होती. मधुमेहावरच्या व्याख्यानात वसीम अक्रमचा फोटो दाखवायची प्रथा आहे, तिच्यातही हीच गोम आहे. तिशीत आजार कळलेला जगप्रसिद्ध गोलंदाज आणि गेवराईच्या ऊसतोड कामगाराची नऊ वर्षांची मुलगी यांच्यात आजार सोडून काहीही समान नाही. ऊसतोडीच्या पाच-सहा महिन्यांत त्या मुलीची वही, मडकं आणि दवाखान्याची तारीख तिन्ही सुटतात. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो या लेखाच्या म्हणण्याला तोडत नाही, उलट बळच देतो. फायदा आजारातून आला असता तर दोघांना सारखा मिळाला असता.

दुसरा आक्षेप बारकाईचा आहे: आजारी माणूस ‘मी बरा आहे, बरंच शिकलो’ म्हणतो ते खरं कशावरून? अपंगत्व असलेल्या १५३ जणांच्या मुलाखतींवरून १९९९ साली आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात निम्म्याहून जास्त, ५४.३ टक्के, आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगतात. बाहेरून बघणाऱ्याला हे पटत नाही, म्हणून याला विरोधाभास म्हणायची पद्धत पडली. माझ्या मते विरोधाभास बघणाऱ्याच्या डोक्यात आहे. पण तरीही नुसत्या सांगण्यावर विसंबू नये, हे बरोबर. म्हणून वर जे पुरावे घेतले ते बहुतेक मोजलेले आहेत: शुगर, मृत्यू, वजन, गोळ्यांची खरेदी. आजाराने माणूस अंतर्मुख झाला, नाती घट्ट झाली, देव भेटला, हे सगळं असेलही. ते ज्याचं त्याने सांगावं. त्यावर धोरण ठरवता येत नाही.

तिसरी गोष्ट फायदा आणि किंमत यांच्या वाटणीची, आणि इथे मला स्वतःच्या मुद्द्याचीच धास्ती वाटते. निसर्गात याचं उदाहरण आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या कामातून दाखवलं की सिकलसेलचं एकच जनुक असलेल्याला मलेरियापासून संरक्षण मिळतं. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या सातपुड्यात हा आजार का टिकला, याचं उत्तर त्यात आहे. पण संरक्षण मिळतं वाहकाला. दोन्ही जनुकं आलेल्या मुलाच्या वाट्याला हाडं फोडणाऱ्या वेदना येतात. लाभ एकाचा, भोग दुसऱ्याचा. मधुमेहाच्या घरातही असंच होतं. बापाचं वजन उतरतं, भावंडांचा आहार सुधारतो, आणि पहाटे तीनला उठून पोराचं बोट टोचते ती आई. वर्षानुवर्षं तिची झोप सलग नसते, आणि तो तोटा वरच्या कोणत्याही अभ्यासाच्या तक्त्यात मांडलेला नाही. मुलगी वयात आली की तीच वही कपाटात लपवली जाते. सोयरीक जुळवताना आजार सांगावा की नाही यावर घरात कुजबुज होते, आणि न सांगता लग्न झालं तर सासरी चोरून, बाथरूमच्या कडीआड इन्सुलिन घ्यावं लागतं. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची सुई मग सवडीने घेतली जाते. म्हणजे शिकलेलं सगळं वाया. ज्या घरात मुलाची सुई चारचौघांत टोचता येते आणि मुलीची येत नाही, तिथे फायद्याच्या गोष्टी मुलाच्याच असतात.

शेवटचा आक्षेप राजकीय आहे. फायद्यांची भाषा सरकारला फार आवडेल: लोक स्वतःच शिकताहेत, संस्था काम करताहेत, मग आम्ही कशाला? हा धोका खरा आहे, आणि त्याच्या खुणा दिसतातही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेहाची घरोघर तपासणी तिशीच्या पुढच्यांची होते. आठ वर्षांचं पोर त्या जाळ्यात येतच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, त्यांत सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया आहेत, टाइप वन मधुमेह नाही. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वर्गात साखरेची गोळी, फळ आणि पाण्याची बाटली न्यायची मुभा दिली, ही चांगली गोष्ट. पण मराठवाड्यातली बहुतेक मुलं त्या मंडळाच्या शाळांत नाहीत. आणि इन्सुलिन मोफत मिळालं तरी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या अनेक ठिकाणी विकतच घ्याव्या लागतात. दिवसाला चार म्हटल्या तर महिन्याला १२०. मजुरीवरच्या घरात पहिल्यांदा बंद होतात त्या पट्ट्याच, कारण सुई बंद केली तर पोर दोन दिवसांत आडवं होतं, आणि पट्टी बंद केली तर लगेच काहीच होत नाही. मग डोस अंदाजाने दिला जातो, वहीतले रकाने कोरे राहू लागतात, आणि डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री बसून आकडे मनानेच भरले जातात. पट्टीशिवाय दिलेलं इन्सुलिन म्हणजे निम्मा उपचार. तेव्हा आरोग्य योजनेच्या यादीत इन्सुलिनच्या बाटलीशेजारी महिन्याच्या १२० पट्ट्या, सिरिंज आणि शिकवणाऱ्या माणसाचा पगार, एवढ्या तीन ओळी वाढवायला हव्यात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला ते सगळं कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून उचलता येईल, अशी चौथीही.